तार, छत्री आणि बेट

मुंबई हे बेट आहे याची आठवण नायगावात राहणाऱ्या मनुष्याला सहसा होत नाही. शीवचा बांध १८०३ साली आणि माहीमचा १८४५ साली पुरा झाला. पुढे रेल्वे आली आणि या बेटाचे बेटपण लोकांच्या व्यवहारातून पुसले गेले. भोईवाड्याचा रस्ता, गिरणीचा भोंगा आणि दादरचे स्टेशन एवढ्या परिघात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना पूर्वेस शिवडीची खाडी आहे याचे भान होते ते भर पावसात भरतीचे पाणी रस्त्यात तुंबले म्हणजे. तथापि संदेशवहनाच्या इतिहासाकडे पाहू लागले, की हे बेटपण पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते. कारण परदेशातून मुंबईला आलेला निरोप गेली दीडशे वर्षे एक तर समुद्राच्या तळातून आलेला आहे, नाही तर आकाशातून. ज्या बेटावर तार पोचली नाही किंवा पोचूनही भरवशाची राहिली नाही, तेथील संसारी माणसाने उपग्रहाकडून थेट आपल्या घरात इंटरनेट घ्यावे काय, ते पाऊसपाण्यात टिकेल काय आणि त्याला परवडेल काय, असा प्रश्न सांप्रत विचारला जातो. तो नवा वाटला तरी त्याची पूर्वपीठिका जुनी आहे, आणि तिच्यातला जो अध्याय सामान्य माणसाच्या बिऱ्हाडापर्यंत येऊन पोचला तो नायगाव, परळ, लालबागच्या गच्च्यांवर घडला.

१४ फेब्रुवारी १८७० रोजी ‘ग्रेट ईस्टर्न’ ही त्या काळातील जगातली सर्वांत मोठी आगबोट मुंबईहून एडनकडे निघाली, ती आपल्या मागे समुद्राच्या तळाशी तार सोडीत गेली. आणि त्याच वर्षी जून महिन्यात एडन, सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर अशा मजला करीत मुंबईचा इंग्लंडच्या पोर्थकर्नो येथील किनाऱ्याशी संबंध जुळला. त्यापूर्वी खुष्कीच्या मार्गाने जाणाऱ्या तारा वाटेत अनेक हातांतून जात, दिवसचे दिवस घेत, आणि कित्येकदा इतक्या भ्रष्ट होऊन पोचत की त्यांचा अर्थ लागत नसे. नव्या तारेने हे अंतर तासांवर आणले. पण शब्दागणिक मोजावे लागणारे ते मोल कापसाच्या पेढीवाल्याला परवडणारे होते. लिव्हरपूलचा भाव ज्याला आजच्या आज हवा होता त्याच्यासाठीच ती तार होती. नायगावच्या वाट्याला तिचे फळ आले ते अर्धशतकाने आणि फार वळणाने. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला आणि त्या महसुलाच्या आधारे कामगारांसाठी चाळी उठविल्या. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, त्यांतल्या ४२ नायगावात. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध अंधारा बोळ, दोन्ही अंगांस मिळून एका चाळीत ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. ८० बिऱ्हाडांवर मिळून एक गच्ची होती, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. कारण या कथेतले अर्धे इंगित त्या एका गच्चीत आहे.

या खोल्यांत आलेला मनुष्य बहुधा घाटावरचा किंवा कोकणातला. त्याचे संदेशवहन म्हणजे पोस्टकार्ड, १८८० सालापासून सुरू झालेली मनीऑर्डर, आणि गावाकडे निघालेला कोणी शेजारी. मनीऑर्डरीच्या फॉर्मच्या तळाशी चार ओळी लिहिण्यापुरती जी जागा असे, तिच्यात पेरणीची चौकशी, मुलाच्या शाळेचा हुकूम आणि म्हातारीच्या औषधाची आठवण एवढे सारे बसविण्याची कला गिरणगावाने हस्तगत केली होती. तारेचा शिपाई चाळीत शिरला तर बोळातले सगळे दरवाजे उघडत, आणि कोणाच्या नावाची तार आहे हे कळेपर्यंत बायकांचे हात कामावरून निघून छातीशी जात.

तारेला आकाशाची स्पर्धा प्रथम निर्माण झाली ती १९२७ साली. मार्कोनीच्या लघुलहरींच्या पद्धतीने इंग्लंडशी थेट बिनतारी संदेश चालू झाले; खडकी येथे प्रक्षेपणाचे आणि दौंड येथे ग्रहणाचे केंद्र उभारण्यात आले. समुद्रतारेच्या मानाने ही व्यवस्था इतकी स्वस्त ठरली की तार कंपन्यांना आपले दर उतरवावे लागले, आणि अखेर दोन्ही पक्षांना एका छत्राखाली आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. हिंदुस्थानातही १९३२ साली तार आणि बिनतारी यांची एकच कंपनी झाली; पुढे १९४७ च्या प्रारंभी ती सरकारजमा होऊन तिचे परदेश संचार सेवेत रूपांतर झाले. या प्रकरणातून मला जे दिसते ते असे, की आकाशमार्गाने तारेला हद्दपार केले नाही, आणि तारेनेही आकाशमार्गाला निरुपयोगी ठरविले नाही. लघुलहरी सूर्याच्या लहरीवर अवलंबून, रात्री एक आणि दिवसा दुसरी, तर तार अचल पण नांगराने तुटणारी. शहाण्या कारभाऱ्याने दोन्ही जवळ ठेविल्या.

आणि दोन्ही जवळ नसल्या म्हणजे काय होते, हे त्याच वर्षी मुंबईने पाहिले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत गिरणगावातून आपल्या गावी निघालेले लोक होते. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर घडलेला हा अनर्थ शहराला कित्येक तासांनी, पोहून आलेल्यांच्या तोंडून कळला. ७७ वर्षे ज्या बंदराशी लंडनची तार जोडलेली होती, त्याच बंदराच्या तोंडाशी उलटलेली बोट मुकी राहिली.

उपग्रहाचे युग महाराष्ट्रात आले ते मुंबईत नव्हे, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे. १९७१ च्या सुमारास नारायणगावजवळ उभी राहिलेली ती जवळजवळ तीस मीटर व्यासाची प्रचंड थाळी हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून होती, आणि परदेशातून आलेले दूरध्वनी तेथून सूक्ष्मलहरींनी मुंबईस पोचत. एका देशाच्या वाट्याला एक थाळी, असा तो हिशेब होता. चारच वर्षांनी, १९७५–७६ मध्ये, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परंतु त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची, हलकी छत्री तयार केली, आणि ती गावाला एक अशी बसविली. आकाशातून येणारी वस्तू अख्ख्या गावाने एकत्र घ्यावयाची, ही मसलत तेथे प्रथम सिद्ध झाली.

नायगावात तीच गोष्ट कोणत्याही सरकारी योजनेवाचून घडली. वरळीहून २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा चाळीत एखाद-दुसऱ्याकडे संच असे आणि शनिवारच्या मराठी सिनेमाला त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. पुढे अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना गच्चीवर दाटले. १९८४ च्या सुमारास दक्षिण मुंबईच्या उंच इमारतींत एका व्हिडिओ यंत्रावरून तारेने घरोघर सिनेमा पोचविण्याचा धंदा निघाला, आणि तो हळूहळू चाळींकडे सरकला. इकडे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांचे संसार उघड्यावर आणले होते. ज्यांच्या बापांची खाती गेली, अशा घरांतल्या हाताने हुशार मुलांना वायरमनकी, टीव्ही-दुरुस्ती आणि नंतर केबल हाच आधार राहिला. १९९१ मध्ये एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार वाहिन्या दिसू लागल्या, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी आली, आणि बघता बघता गिरणगावातल्या गच्च्यांवर आठ ते बारा फूट व्यासाच्या छत्र्या उभ्या राहिल्या.

त्या छत्र्या बसविण्याचे काम मी जवळून पाहिले आहे. गच्चीवर एकजण पान्याने बोल्ट सैल करून छत्री केसभर फिरवी. दुसरा जिन्याच्या वळणावर उभा. तिसरा खाली कोणाच्या तरी खोलीत संचापुढे मांडी घालून. “आलं का?” ही हाक चार मजले खाली जाई, आणि “मुंग्या आहेत!” हे उत्तर चार मजले वर येई. पुन्हा केसभर. “चित्र आलं, आवाज नाही!” मग छत्रीच्या पुढच्या तोंडावरचा, लहरी पकडणारा एलएनबी किंचित पिळायचा, बोल्ट आवळायचे, आणि वाऱ्याने हलू नये म्हणून पायाशी सिमेंटच्या गोण्या रचायच्या. तेथून काळी को-अॅक्सिअल तार गच्चीच्या कठड्यावरून या चाळीतून त्या चाळीत, मधल्या रस्त्यावरून ताणलेल्या तारेच्या आधाराने, जाई. दर काही खोल्यांमागे बोळात एक अॅम्प्लिफायर, त्याची वीज ज्या बिऱ्हाडातून घेतली त्याला केबल फुकट. दरमहा शंभराच्या आसपास वर्गणी, ती वसूल करायला वही घेऊन फिरणारा मुलगा, आणि क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी चित्र गेले तर रात्री अकरालाही गच्चीवर चढणारा केबलवाला. सरकारने १९९५ साली कायदा करून या धंद्याला नोंदणी लावली तोवर ही सारी वहिवाट पक्की झालेली होती.

एशियासॅट विषुववृत्तावर १०५.५ अंश पूर्व रेखांशावर होता. त्याला पाहण्यासाठी मुंबईत छत्रीचे तोंड पूर्व-आग्नेयेस, क्षितिजापासून ४५ अंशांहून किंचित वर करावे लागे. नायगावच्या गच्चीवरून त्या रोखाने नजर टाकली, की शिवडीची खाडी, तेलाच्या टाक्या, बंदराचे पाणी, आणि सुमारे दहा किलोमीटरांवर घारापुरीचा डोंगर येतो. तेवढ्या दहा किलोमीटरांच्या पलीकडे, जगप्रसिद्ध लेणी पोटात घेऊन बसलेल्या त्या बेटावर, राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर ही तीन गावे संध्याकाळी तीन-साडेतीन तास चालणाऱ्या जनरेटरच्या विजेवर राहत होती. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून तेथे कायमची वीज पोचली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी, स्वातंत्र्याच्या एकाहत्तराव्या वर्षी. नायगावच्या छत्रीचे तोंड पंचवीस वर्षे ज्या दिशेला होते, त्या दिशेला राहणाऱ्या माणसांना संच लावायला वीज नव्हती, ही गोष्ट मनाला लागते.

बेटावरच्या घराला उपग्रहाचे इंटरनेट व्यवहार्य आहे काय, याचा विचार करताना म्हणूनच पहिला प्रश्न विजेचा विचारला पाहिजे. आजची घरगुती छत्री अखंड चालू ठेवायची तर तिला पन्नास ते शंभर वॅट वीज लागते. म्हणजे एक पंखा रात्रंदिवस फिरत राहावा इतकी. २०१८ पूर्वीच्या घारापुरीत अशी छत्री कोणी फुकट आणून दिली असती, तरी दिवसाचे वीस तास ती शोभेची राहिली असती. आणि वीज समुद्राखालून येऊ शकते, तर काचतंतूही येऊ शकतो; दहा किलोमीटरांवर मुंबई डोळ्यांना दिसत असताना शेकडो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाण्यापेक्षा समोरच्या किनाऱ्याशी सूक्ष्मलहरींचा दुवा बांधणे अधिक शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न पावसाचा. केबलवाल्याची मोठी छत्री ज्या लहरी घेई त्यांची लांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर. मुंबईचा मुसळधार पाऊसही त्यांना फारसा अडवीत नसे. २००३ नंतर उपग्रहावरून थेट घरी चित्र घेणाऱ्या डीटीएचच्या ज्या लहान थाळ्या आल्या त्यांच्या लहरी अडीच सेंटिमीटरांच्या आसपासच्या, आणि पावसाचे टपोरे थेंब त्यांना गिळून टाकतात. नायगावकरांना हे पुस्तकात वाचावे लागले नाही. जुलैत आभाळ काळवंडले की डीटीएचवाल्याच्या घरी पडदा निळा होई आणि शेजारच्या केबलवाल्या घरात मालिका चालू राहत असे. शिवाय ज्याची खिडकी आग्नेयेस नाही त्याला थाळी गच्चीवरच न्यावी लागे. ८० बिऱ्हाडांच्या एका गच्चीवर कोणाची थाळी कोठे, कोणाची तार कोणाच्या खिडकीवरून, यावरून तंटे होत. नव्या उपग्रह-इंटरनेटच्या घरगुती छत्र्याही याच आखूड लहरींच्या पट्ट्यात चालतात. त्यांचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरांवरून धावत जात असल्यामुळे त्यांना एका बिंदूकडे नव्हे, तर वरच्या आभाळाच्या मोठ्या भागाकडे मोकळे पाहावे लागते, आणि आज बीडीडी चाळी पाडून जे उंच मनोरे नायगावात उठत आहेत त्यांच्या मधल्या फटीत तेवढे आभाळ शिल्लक नाही. या जवळिकीचा लाभ मात्र निर्विवाद आहे: जुन्या, स्थिर उपग्रहावरून निरोप जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जाई आणि बोलणाऱ्यांची वाक्ये एकमेकांवर आदळत, खालच्या कक्षेत तो विलंब जाणवेनासा होतो.

तिसरा प्रश्न वाटणीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लक्षद्वीपचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. ३ जानेवारी २०२४ रोजी कोचीहून समुद्रतळातून टाकलेली काचतंतूची तार तेथील अकरा बेटांना मिळाली; तोवर सगळ्या द्वीपसमूहाच्या वाट्याला उपग्रहावरून सेकंदाला १.७ गिगाबिट एवढाच प्रवाह येत असे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेथे चौसष्ट हजारांहून अधिक माणसे. वाटणी केली तर माणशी सव्वीस किलोबिट. तारेने तो प्रवाह २०० गिगाबिटांपर्यंत नेण्याची सोय झाली. अंदमानातही १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून आलेल्या सुमारे २३०० किलोमीटरांच्या तारेने हीच कथा घडविली. आकाश विशाल असले तरी त्यातून उतरणारा प्रवाह मोजका असतो, आणि तो एका टापूतल्या सर्वांनी वाटून घ्यावयाचा असतो. माणसे जितकी दाट तितका प्रत्येकाचा घोट लहान. म्हणून नायगावसारख्या दाट वस्तीत तो घरगुती उपयोगाचा नाही, आणि एकाकी दीपगृहावर, मोठ्या बोटीवर किंवा डोंगरावरच्या दहा घरांच्या पाड्यावर तो वरदान आहे. या दोहोंच्या मधल्या गावांना, मग ते घारापुरी असो की आणखी कोणते, नायगावच्या केबलवाल्याचीच रीत योग्य: ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या छपरावर सामायिक छत्री, तिथून गावात तार, दरमहा वर्गणी, आणि रात्री अकराला छपरावर चढणारा गावातलाच एक मनुष्य. घरोघर स्वतंत्र छत्री ही कल्पना आकर्षक आहे. पण यंत्राची किंमत, वीज, वादळ आणि दुरुस्ती हे चारही भार एकट्या कुटुंबाच्या डोक्यावर टाकणारी आहे.

तारेवरच विसंबून राहावे असे मात्र मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांस खुले केले, त्यानंतर आपला बाहेरचा बराचसा व्यवहार मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या मोजक्या समुद्रतारांवर आला; आणि ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या, तेव्हा हजारो मैलांवरच्या त्या छेदाने आपल्या कचेऱ्यांची कामे अडली. १५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाजवळ समुद्रातील ज्वालामुखी फुटला, तारेचे तुकडे झाले, आणि ती सांधेपर्यंत सुमारे पाच आठवडे त्या राष्ट्राला उपग्रहाच्या छत्र्यांनीच जगाशी बोलते ठेवले. रामदास बोटीपाशी त्या प्रसंगी जे नव्हते ते हेच. प्रत्येक बेटाच्या दफ्तरात, तार असो वा नसो, एक राखीव छत्री आणि ती चालविण्याइतकी सौरवीज असलीच पाहिजे.

भारतात उपग्रह-इंटरनेट पुरविणाऱ्या स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावे आहेत. यांतल्या एकालाही समुद्र नाही. पण पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला म्हणजे तो मुलूख घारापुरीहून अधिक बेट होतो. तेथे छत्री लावायची ती शाळेवर की आरोग्यकेंद्रावर, तिची वीज कोणाच्या खात्यातून, वादळात ती उखडली तर बसविणारा माणूस गावातला असेल की नागपुराहून येईल, आणि त्याला पगार कोणी द्यावयाचा, हे कलम इरादापत्रानंतरच्या करारात स्पष्ट शब्दांत पडले पाहिजे, कारण पुलावरून पाणी जात असताना नागपूरचा माणूस तेथे पोचत नाही.